षटकार कोणाला बसले? गोलंदाजांच्या बाजूने एक थ्रेड

१/ १० जानेवारी १९८५. मुंबईचे वानखेडे मैदान, रणजी करंडकाचा सामना, मुंबई विरुद्ध बडोदा. रवी शास्त्री यांनी एका षटकातील सहाही चेंडूंवर षटकार मारले, हे क्रिकेटवर प्रेम करणाऱ्या बहुतेक मराठी वाचकांना ठाऊक असते. ते सहा चेंडू टाकले कोणी, असे विचारले की मात्र बरेच जण थांबतात. उत्तर आहे तिलक राज. आजचा थ्रेड या दुसऱ्या नावाविषयी, आणि त्याच्यासारख्या अनेक नावांविषयी. 🧵

२/ प्रश्न क्रिकेटचा दिसतो, पण तो इतिहासलेखनाचा आहे. प्रत्येक षटकारात दोन माणसे असतात. एकाचे नाव विक्रमाच्या ठळक ओळीत जाते आणि दुसऱ्याचे तळटीपेत. तळटीपेतल्या माणसाला आपण सहजच ‘वाईट गोलंदाज’ ठरवून मोकळे होतो. हा निवाडा पुराव्यावर टिकतो का, हे आज तपासू.

३/ सुरुवात माझ्या गावापासून करतो. बीड जिल्ह्यातील वडवणीत आम्ही पीक निघाल्यावर मोकळ्या झालेल्या रानात टेनिस चेंडूने खेळत असू. एका सामन्यात आमच्यातल्या एका मुलाला शेवटच्या षटकात चार षटकार बसले आणि आम्ही हरलो. त्या दिवसापासून गावात त्याचे नाव ‘सिक्सर’ पडले. ज्याने ते चार षटकार मारले, त्याला मात्र कोणी असे नाव दिले नाही. हा मुलगा थ्रेडच्या शेवटी पुन्हा भेटेल.

४/ आता साधनांकडे वळू. क्रिकेटच्या जुन्या धावफलकात गोलंदाजापुढे चार आकडे असतात: षटके, निर्धाव षटके, दिलेल्या धावा आणि बळी. दिलेल्या षटकारांसाठी रकानाच नसतो. फलंदाजाचे चौकार-षटकार वर्तमानपत्रे आवर्जून छापत, गोलंदाजाचे छापत नसत. आता संगणकीय धावफलकांत ही नोंद मिळते. परंतु शतकभराच्या क्रिकेटमध्ये कोणत्या गोलंदाजाला किती षटकार बसले, हे मोजायचे तर चेंडूगणिक नोंद असलेल्या गुणलेखकाच्या वह्याच शोधाव्या लागतात. त्या सगळ्याच टिकल्या आहेत, असेही नाही.

५/ अमेरिकेच्या बेसबॉलने मात्र हा रकाना ठेवला. तिथे मैदानाच्या कुंपणापलीकडे थेट मारलेल्या चेंडूला होमरन म्हणतात, आणि चेंडू फेकणाऱ्या पिचरने कारकिर्दीत किती होमरन दिले याचा हिशेब त्याच्या नावापुढे लिहिला जातो. त्यामुळे आपल्याला क्रिकेटविषयी सहज विचारता न येणारा प्रश्न तिथे विचारता येतो: सर्वाधिक होमरन देणारा पिचर कोण, आणि तो कसा होता?

६/ उत्तर अनपेक्षित आहे. कित्येक दशके हा विक्रम रॉबिन रॉबर्ट्स यांच्या नावावर होता. १९४८ ते १९६६ या काळात त्यांनी ५०५ होमरन दिले. याच रॉबर्ट्स यांनी २८६ सामने जिंकले आणि १९७६ मध्ये बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये, म्हणजे त्या खेळातील सर्वोच्च मानाच्या पंगतीत, त्यांना स्थान मिळाले. मे २०१० मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात जेमी मॉयर यांनी त्यांचा हा नकोसा विक्रम मागे टाकला. मॉयर यांचा अंतिम आकडा ५२२.

७/ मॉयर कोण? २०१२ मध्ये, वयाच्या ४९ व्या वर्षी, अमेरिकेच्या सर्वोच्च पातळीवर सामना जिंकणारे सर्वांत वयस्क पिचर. एकाच हंगामात सर्वाधिक, म्हणजे ५० होमरन देण्याचा विक्रम बर्ट ब्लायलेव्हन यांच्या नावावर आहे, वर्ष १९८६. तेही पुढे २०११ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेले. सर्वाधिक मार खाणाऱ्यांची यादी काढायला बसावे आणि हाती मानकऱ्यांची यादी यावी, असा हा प्रकार आहे.

८/ कारण सोपे आहे. ५०५ होमरन देण्यासाठी एकोणीस हंगाम कोणीतरी तुमच्या हाती चेंडू द्यावा लागतो. खरोखर वाईट असलेल्या पिचरला दहा-पंधरा होमरन बसले की संघ त्याला घरी पाठवतो, आणि त्याचा आकडा तिथेच थांबतो. एकूण आकडा मोठा होतो तो टिकून राहिलेल्याचा. म्हणून हा आकडा अपयशाचे माप असतो तितकेच विश्वासाचेही माप असतो.

९/ दुसरे कारण शैलीचे आहे. बेसबॉलमध्ये पिचरने चार चेंडू ठरलेल्या कक्षेबाहेर टाकले आणि फलंदाजाने ते सोडून दिले, तर फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो. मार टाळण्यासाठी अनेक पिचर हा मार्ग पत्करतात. रॉबर्ट्स पत्करत नसत. ते सतत कक्षेतच चेंडू टाकत, फलंदाजाला खेळायला भाग पाडत. त्यातून बळी मिळत आणि अधूनमधून चेंडू कुंपणापलीकडेही जाई. दोन्ही गोष्टींचे मूळ एकच होते.

१०/ ही दोन सूत्रे, हाती चेंडू किती काळ राहिला आणि तो कोणत्या हेतूने टाकला, घेऊन आता आपण घरी परत येऊ. महाराष्ट्रात या प्रश्नासाठी सर्वांत जुना साक्षीदार आहे पळवणकर बाळू. डावखुरे, मंदगती फिरकी गोलंदाज. चांभार समाजात जन्म. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते पुण्याच्या इंग्रजांच्या क्लबमध्ये मैदानावर राबणारे कामगार होते: खेळपट्टी लाटणे, जाळी बांधणे, आणि साहेब सरावाला आले की त्यांना चेंडू टाकणे.

११/ जे. जी. ग्रेग हे त्या काळच्या भारतातील नामांकित इंग्रज फलंदाज. बाळू त्यांना तासन् तास गोलंदाजी करत. प्रत्येक वेळी बाद केल्यावर ग्रेग आठ आणे देत, असे सांगितले जाते. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या: त्या शेकडो तासांत बाळूंच्या हाती फलंदाजीसाठी बॅट दिली गेली नाही. गोलंदाजी हे काम होते आणि फलंदाजी ही हौस होती. काम करणारा एक, हौस करणारा दुसरा. षटकार मारणाऱ्याचे नाव लिहायचे आणि चेंडू टाकणाऱ्याचे विसरायचे, या सवयीचे एक मूळ मला या वाटणीत दिसते.

१२/ पुढे पुण्याच्या आणि मग मुंबईच्या हिंदू संघाला बाळूंच्या गोलंदाजीची गरज भासली. त्यांनी टाकलेला चेंडू सवंगडी हाताळत. चहाच्या वेळी मात्र त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यातून चहा दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. भारतीय संघाने त्या दौऱ्यात जिंकण्यापेक्षा हरलेलेच सामने अधिक होते. हरणाऱ्या संघाचा मुख्य गोलंदाज म्हणजे सर्वांत जास्त राबणारा माणूस. हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

१३/ इथे अभ्यासकांसाठी एक सावधगिरीची सूचना. षटकाराची व्याख्या कायम एकच नव्हती. इंग्लंडमध्ये १९१० पर्यंत चेंडू केवळ सीमारेषेपलीकडे जाऊन भागत नसे. सहा धावांसाठी तो मैदानाच्या आवाराबाहेर जावा लागे. १९१० पासून सीमारेषा ओलांडणे पुरेसे झाले. म्हणून १९०० मधल्या आणि आजच्या गोलंदाजाच्या षटकारांची थेट तुलना करणे म्हणजे शिवकालीन होन आणि आजचा रुपया एकाच ओळीत मांडून बेरीज करण्यासारखे आहे.

१४/ आता १ डिसेंबर १९२६. मुंबई जिमखान्याचे मैदान. ऑर्थर गिलिगन यांच्या एमसीसी संघाविरुद्ध हिंदू संघाचे सी. के. नायडू फलंदाजीला आले. नायडू नागपूरचे. १५३ धावा, १३ चौकार, ११ षटकार, आणि दोन तासांहून कमी वेळ. एमसीसीने पुढे त्यांना चांदीची बॅट भेट दिली. दोन वर्षांनी, डिसेंबर १९२८ मध्ये, भारतीय क्रिकेट मंडळ स्थापन झाले आणि १९३२ मध्ये भारताने पहिली कसोटी खेळली. कर्णधार होते नायडूच. त्या खेळीला भारतीय क्रिकेटच्या इतिहासात जे स्थान आहे ते रास्तच आहे.

१५/ परंतु ते अकरा षटकार बसले कोणाला? त्या दौऱ्यावर आलेल्या संघात मॉरिस टेट, जॉर्ज गियरी, इवार्ट ॲस्टिल असे इंग्लंडचे कसोटी गोलंदाज होते. दौऱ्यावरचा तो संघ हलका नव्हता, म्हणूनच त्या अकरा षटकारांना किंमत आली. गोलंदाज सामान्य असते, तर ती खेळी एखाद्या रविवारच्या करमणुकीपलीकडे गेली नसती. फलंदाजाच्या विक्रमाचे मोल गोलंदाजाच्या दर्जावर ठरते, आणि तरीही स्मृती फक्त फलंदाजाची उरते.

१६/ आता दुसरे सूत्र, शैलीचे. यासाठी दोन मराठी गोलंदाज शेजारी ठेवू. मुंबईचे सुभाष गुप्ते: लेगस्पिनर, चेंडूला उंची देणारे, फलंदाजाला पुढे येण्याचा मोह घालणारे. नाशिकचे बापू नाडकर्णी: डावखुरे फिरकी गोलंदाज, टप्प्यावर अशी हुकमत की सरावात खेळपट्टीवर नाणे ठेवून त्यावर चेंडू टाकत. एक उदार, एक काटकसरी. एकाने षटकाराचा धोका पत्करला, दुसऱ्याने धावच नाकारली.

१७/ १२ जानेवारी १९६४, मद्रास, इंग्लंडविरुद्ध कसोटी. नाडकर्णींनी सलग १३१ चेंडूंवर एकही धाव दिली नाही. सलग २१ निर्धाव षटके. डावाअखेर त्यांचे आकडे होते: ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, ० बळी. शेवटचा आकडा पुन्हा वाचा. जगातील सर्वांत काटेकोर गोलंदाजीच्या त्या डावात नाडकर्णींना एकही बळी मिळाला नव्हता. धाव न देणे आणि फलंदाजाला बाद करणे या दोन वेगळ्या कला आहेत.

१८/ आता दोघांची कसोटी कारकीर्द पाहा. गुप्ते: ३६ कसोटी, १४९ बळी, सरासरी २९.५५. नाडकर्णी: ४१ कसोटी, ८८ बळी, सरासरी २९.०७. म्हणजे एका बळीसाठी दोघांनी मोजलेली किंमत जवळजवळ सारखी! फरक वेळेचा. गुप्ते यांना एका बळीसाठी सुमारे ७६ चेंडू लागत, नाडकर्णींना सुमारे १०४. गुप्ते धावा भराभर खर्च करत आणि बळीही भराभर मिळवत. डिसेंबर १९५८ मध्ये कानपूरला वेस्ट इंडीजच्या एका डावातील नऊ बळी त्यांनी १०२ धावा देऊन घेतले. या १०२ धावांना कोणी अपयश म्हणत नाही.

१९/ तिसरे नाव पद्माकर शिवलकर. मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज, प्रथम श्रेणीत ५८९ बळी. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तमिळनाडूविरुद्ध एका डावात १६ धावांत ८ बळी. त्यांना कसोटीत एकही षटकार बसला नाही, कारण कसोटी खेळायलाच मिळाली नाही. त्याच काळात भारतीय संघात डावखुऱ्या फिरकीची जागा बिशनसिंग बेदी यांची होती. षटकारांच्या रकान्यातला शून्य दोन प्रकारचा असतो: एक कौशल्याचा, एक संधी नाकारल्याचा. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. मार्च २०२५ मध्ये शिवलकर गेले.

२०/ आता एका षटकात सहा षटकारांची घटना. पहिली नोंद: ३१ ऑगस्ट १९६८, वेल्समधील स्वान्सी. गारफिल्ड सोबर्स यांनी ग्लॅमॉर्गनच्या माल्कम नॅश यांना सहा षटकार मारले. नॅश मुळात डावखुरे मध्यमगती स्विंग गोलंदाज. त्या काळात ते मंदगती फिरकीचा प्रयोग करून पाहत होते. पाचवा चेंडू सीमेवर रॉजर डेव्हिस यांनी झेललाही, पण झेलासह ते सीमारेषेपलीकडे पडले, आणि पंचांनी षटकार दिला. एका क्षेत्ररक्षकाचा तोल सावरला असता, तर ही सारी कथाच लिहिली गेली नसती.

२१/ नॅश यांचे पुढे काय झाले? ते खेळत राहिले. १९७७ मध्ये त्याच मैदानावर लँकेशायरच्या फ्रँक हेज यांनी त्यांच्या एका षटकात ३४ धावा काढल्या: पाच षटकार, एक चौकार. तरीही संघाने चेंडू त्यांच्याकडून काढून घेतला नाही. कारकीर्द संपली तेव्हा प्रथम श्रेणीत त्यांच्या नावावर ९९३ बळी होते. जग त्यांना सहा चेंडूंसाठी ओळखते. त्या ९९३ बळींची चौकशी फार थोडे करतात.

२२/ स्वान्सीची आणखी एक गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याला विशेष आवडेल. त्या षटकातला म्हणून एक चेंडू २००६ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात २६,४०० पौंडांना विकला गेला. नंतर वाद उभा राहिला की हा चेंडू खरा तोच आहे का. चेंडूवरील उत्पादकाचे नाव त्या वेळी संघ वापरत असलेल्या चेंडूंशी जुळत नाही, असा आक्षेप घेतला गेला. या वादात साक्ष कोणाची महत्त्वाची? ज्याने ते सहा चेंडू हातात धरून टाकले, त्याची. नॅश यांना विचारल्याशिवाय त्या षटकाचा पुरावाच पुरा होत नव्हता.

२३/ आता पुन्हा वानखेडे, १९८५. संदर्भ पाहा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, इंग्लंडविरुद्धच्या कलकत्ता कसोटीत, शास्त्री यांनी १११ धावांसाठी सात तासांहून अधिक वेळ घेतला होता. संथ खेळाने प्रेक्षक वैतागले होते. त्यानंतर काही दिवसांतच हाच फलंदाज वानखेडेवर ११३ मिनिटांत नाबाद २०० धावा करतो, १३ षटकारांसह. त्या वेळी ते प्रथम श्रेणीतील सर्वांत वेगवान द्विशतक होते. तिलक राज हे बडोद्याचे डावखुरे फिरकी गोलंदाज. कलकत्त्याचे शास्त्री पाहून वानखेडेच्या शास्त्रींचा अंदाज कोण करू शकणार होते?

२४/ इथे एक रचना दिसू लागते. त्या दिवशी मंदगती टाकणारे नॅश डावखुरे, तिलक राज डावखुरे फिरकी गोलंदाज. आणि मारणारे? सोबर्स स्वतः डावखुरी जलद आणि फिरकी अशा तिन्ही प्रकारची गोलंदाजी करत आणि त्यांनी कसोटीत २३५ बळी घेतले. शास्त्री यांनी १९८१ मध्ये वेलिंग्टनला भारतीय संघात पदार्पण केले तेच मुळी डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून. म्हणजे ज्या हाताने त्यांनी आयुष्यभर हेच चेंडू टाकले, त्याच हाताचे चेंडू त्यांनी सीमेपार धाडले. चेंडू सोडताना गोलंदाजाच्या मनात काय असते, हे त्यांना आतून ठाऊक होते.

२५/ हे नाते सप्टेंबर २००७ मध्ये आणखी स्पष्ट झाले. ५ सप्टेंबरला ओव्हलवर युवराजसिंग डावखुरी फिरकी टाकत असताना दिमित्री मॅस्कॅरेनस यांनी त्याच्या एका षटकात पाच षटकार मारले. दोनच आठवड्यांनी, १९ सप्टेंबरला डर्बनमध्ये, युवराजने स्टुअर्ट ब्रॉडला सहा मारले. पहिली तारीख विसरली जाते, दुसरी पाठ असते. वस्तुतः ती एकाच माणसाची दोन टोके आहेत. ब्रॉड तेव्हा २१ वर्षांचा होता. २०२३ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ६०४ कसोटी बळी होते.

२६/ अलीकडचे उदाहरण महाराष्ट्राचेच. २८ नोव्हेंबर २०२२, अहमदाबाद, विजय हजारे करंडकाची उपांत्यपूर्व फेरी. पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने उत्तर प्रदेशाविरुद्ध नाबाद २२० धावांत १६ षटकार मारले. त्यातले सात एकाच षटकात. एक चेंडू नो-बॉल ठरल्याने सातवा मिळाला. षटकात ४३ धावा. गोलंदाज शिवा सिंग, पुन्हा डावखुरा फिरकी गोलंदाज. हा २०१८ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता.

२७/ या शिवा सिंगची आणखी एक ओळख आहे. २०१८ मध्ये एका सामन्यात त्याने चेंडू सोडण्याआधी स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेतली होती आणि पंचांनी तो चेंडू रद्द ठरवला होता. स्पर्धेचे नाव काय, तर सी. के. नायडू करंडक! मुंबई जिमखान्यावर अकरा षटकार मारणाऱ्याच्या नावाच्या स्पर्धेत फलंदाजाला चकवण्यासाठी धडपडणारा हा मुलगा. धोका पत्करणे ही त्याची वृत्ती होती. त्या वृत्तीची किंमत चार वर्षांनी अहमदाबादला मोजली गेली.

२८/ आता माझ्या मांडणीवरचा रास्त आक्षेप. ‘मग षटकार देणे ही पात्रताच समजायची का?’ मुळीच नाही. वाईट चेंडूवर बसलेला षटकार वाईट चेंडूचाच असतो. मुद्दा पुराव्याचा आहे. एका षटकावरून माणसाची कारकीर्द ठरवता येत नाही. आणि कारकिर्दीतील एकूण षटकारांवरूनही ती ठरत नाही, जोवर आपण किती चेंडू टाकले, कोणाला टाकले आणि कोणत्या हेतूने टाकले हे तीन प्रश्न विचारत नाही. आकडा सुटा घेतला की तो दिशाभूल करतो. हे क्रिकेटला लागू आहे तितकेच दुष्काळाच्या, करवसुलीच्या किंवा लढायांच्या आकड्यांनाही लागू आहे.

२९/ आमच्या बीडच्या मुलांना आज आदर्श मिळाला आहे. २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात बीडच्या सचिन धसने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा केल्या, तेव्हा जिल्हाभर आनंद झाला. वडिलांनी त्याचे नाव सचिन तेंडुलकरवरून ठेवले. मुलाचे नाव एखाद्या फलंदाजावरून ठेवलेले आपण अनेकदा ऐकतो. बाळू, गुप्ते किंवा शिवलकर यांच्यावरून ठेवलेले नाव मी अजून ऐकलेले नाही. माहीत असेल तर अवश्य कळवा, मला खरेच आनंद होईल.

३०/ आता तो मुलगा, ‘सिक्सर’. गेल्या वर्षी गावी गेलो तेव्हा जुनी वही सापडली. आम्ही त्या काळी शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर धावफलक लिहीत असू. त्या हंगामातले मिळाले तेवढे सामने मी ओळीने वाचले. जवळजवळ प्रत्येक सामन्याचे शेवटचे षटक त्यानेच टाकले होते. बरेचसे आम्ही जिंकलो होतो. शेवटचे षटक टाकायला इतर कोणी तयारच नसायचे, मीसुद्धा नाही. ज्या एका सामन्यात चार षटकार बसले, त्यावरून त्याचे नाव पडले. ज्यांत बसले नाहीत, ते सामने वहीत पडून राहिले.

३१/ वही घेऊन मी त्याच्याकडे गेलो. त्याने पाने उलटली, हसला आणि म्हणाला, “अरे, त्या दिवशी तिसरा चेंडू मी मुद्दाम हळू टाकला होता. आधीच्या सामन्यात त्याच चेंडूवर तो बाद झाला होता.” इतक्या वर्षांत त्याला हे कोणी विचारलेच नव्हते. मीही नाही, आणि मी तर त्याच्याच संघात होतो.

३२/ मित्रहो, एक विनंती. आपल्या गावातल्या, तालुक्यातल्या, महाविद्यालयातल्या जुन्या धावफलकांच्या वह्या घरात किंवा मंडळाच्या कपाटात पडून असतील, तर त्यांची छायाचित्रे काढून ठेवा. आणि पुढच्या वेळी एखाद्या मोठ्या खेळीविषयी लिहाल, तेव्हा गोलंदाजाचे नावही लिहा. सुरुवात करायची असेल तर या दोन ओळींपासून करा: वानखेडे, १० जानेवारी १९८५. फलंदाज रवी शास्त्री, गोलंदाज तिलक राज.

तुमच्या आठवणीतला असा एखादा गोलंदाज असेल, तर खाली त्याच्याविषयी जरूर लिहा. थ्रेड समाप्त. 🙏